दुसऱ्या भागाचं पारायण

पोथी घेऊन बसणं मला कधी जमलं नाही. देवासमोर बसले की गॅसवर काहीतरी राहिलंय असंच वाटत राहतं. त्यामुळे मनवाच्या हृदयाची झडप बदलायची ठरली आणि माझे सासरे तात्या म्हणाले, "गो, पोथी लाव," तेव्हा मी नेहमीसारखी टाळाटाळ केली. मदतीला मनवाच धावली. पंधरा वर्षांची माझी मुलगी परळच्या हॉस्पिटलात खाटेवर पडलेली, चार शब्द बोलली की धाप लागायची, पण जीभ शाबूत होती.

"पोथी नको. 'खालचे मजले'चा दुसरा भाग वाच. मला पुस्तक धरवत नाही गं."

'खालचे मजले' म्हणजे पुढच्या शतकातली मुंबई. समुद्र आत शिरलाय, बडी मंडळी टॉवरच्या टोकांवर राहतात आणि बाकीचे कमरेएवढ्या पाण्यात. पहिल्या भागात मिहिका नावाची मुलगी या बड्यांची झोप उडवते. मनवाने तो भाग वाचून वाचून खिळखिळा केला होता.

तात्यांनी सगळी हयात लालबागच्या गिरणीत काढलेली. "खयचा पण पुस्तक वाच," ते म्हणाले. "पण आरंभ केलंस तर पुरा करूक व्हया. अध्याय अर्धो सोडूचो नाय. आणि ऑपरेशनाच्या आधी समाप्ती."

मी हसत हो म्हटलं. पारायणाचं पुण्य आणि पोरीची करमणूक, दोन्ही एकदम साधतंय म्हटल्यावर माझं काय जात होतं?

पुस्तक मात्र भलतंच रटाळ निघालं. टॉवर हलवणारी मिहिका या भागात बोगद्यात बसून राहते. बोगद्यातले लोक सभा घेतात. आमच्या चाळीच्या कमिटीसारख्या सभा, म्हणजे मागच्या सभेत काय ठरलं यावरच भांडण. उरलेल्या वेळात मिहिका दोन मुलांपैकी आपल्याला कोण आवडतो ते ठरवते, आणि तेही तिला ठरवता येत नाही.

"बोअर आहे ना?" मनवा म्हणायची.

"महाबोअर," मी म्हणायचे आणि पुढचं प्रकरण उघडायचे.

एरवी असलं पुस्तक मी रद्दीत टाकलं असतं. पण मला काय झालं होतं कोणास ठाऊक. घरून अंघोळ करून यायचं, त्याच स्टुलावर बसायचं, मोबाइल बंद करायचा. एकदा मध्येच नर्स रक्त घ्यायला आली, तर मी ते प्रकरण पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. मनवाने कपाळाला हात लावला. मला हसू आलं नाही. तोवर माझ्या मनात पक्कं बसलं होतं, की माझ्याकडून काही चुकलं तर त्याची भरपाई या पोरीला करावी लागेल.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी एकच प्रकरण उरलं होतं. मनवाला डोळा लागला होता. मी सहज शेवटचं पान उलटलं.

मिहिका दोराला धरून बुडालेल्या इमारतीत उतरते. वर थांबलेले साथीदार दोर ओढतात. दोर सैल येतो. ते तिला हाका मारतात. खालून काहीच नाही. त्याखाली 'दुसरा भाग समाप्त', आणि मग कोरं पान.

पोथीच्या शेवटी फलश्रुती असते, वाचणाऱ्याचं भलं होतं. इथे पाण्यात गेलेली मुलगी आणि कोरं पान. मी भरल्या वॉर्डात रडले.

माझा नवरा हितेंद्र रक्तदाते गोळा करायला गेला होता. मनवाजवळ तात्यांना बसवून मी टॅक्सी केली आणि प्रकाशकांचं दुकान गाठलं, गिरगावात. गल्ल्यावर मालक शामराव बसले होते.

"तिसरा भाग छापला नसला तरी चालेल," मी म्हटलं. "फक्त सांगा, ती जगते ना?"

"तिसरा भाग निघत नाही, ताई." त्यांनी कोपऱ्यातल्या गठ्ठ्यांकडे बोट केलं. "दुसऱ्याचे गठ्ठे परत आले. लोक नाराज झाले. लेखिकाबाईंनी लिहिणंच सोडलं."

"पण त्यांच्या मनात काहीतरी असेल ना?"

"मीही विचारलं होतं. म्हणाल्या, तिला वर कसं काढायचं तेच सुचत नाही."

सकाळी मी शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. शेवट बदलावा असं रात्रभर घोकलं होतं, पण पारायणात पदरचं घालायचं धाडस होईना. दोर सैल आला तिथे मला रडू फुटलं. तशीच 'समाप्त'पर्यंत गेले.

मनवा हसत होती. "एवढी काय टरकलीस? मधल्या भागात मेन मुलीला मारत नाहीत, आई. मारली तर तिसरा कोण विकत घेईल? मधला भाग असाच पकाऊ असतो." तिने दम घेतला. "तिसरा कधी येतोय?"

"दिवाळीत," मी म्हटलं.

"तो मी वाचीन. तू फार रडकं वाचतेस."

मग वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आले. ऑपरेशनची टोपी घातलेल्या तिने मला वाकुल्या दाखवल्या आणि काचेचा दरवाजा मिटला. हितेंद्र भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तात्या बाहेरच्या बाकावर बसले होते.

"पुरा झाला मा?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलवेना, आणि खरंही.

"नाही तात्या. अजून एक भाग आहे."

तात्यांनी हात जोडले. "मगे तिका परत येवकच व्हया," ते म्हणाले. "पारायण अर्धा सोडून कशी जातली?"

मी त्यांच्या शेजारी बसले. तिसरा भाग आता मलाच लिहावा लागणार होता, तोही आत्ता, ते दार उघडायच्या आत, आणि त्या पोरीला पाण्यातून वर कसं काढायचं ते मलाही सुचत नव्हतं.