डावा पंख

मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी नकाशेवाल्यांचा उजवा हात लुळा पडला. मुलीचं बाळंतपण अर्धवट टाकून टेलरबाई घरी परतल्या, तेव्हा नवरा खाटेवर बसून डाव्या हाताने कपाटावरच्या पत्र्याच्या नळीकडे बोट दाखवत होता.

"ती काढ खाली."

"अहो, चप्पल तरी काढू द्या. दारात पाऊल पडलं नाही तोवर तुमचं सुरू."

"आणि आधी हात धू."

टेलरबाईंना हसू आलं. जीभ जड झाली होती, पण हे वाक्य मात्र शाबूत होतं.

नकाशेवाल्यांचा जन्म पाणीखात्यात पाइपांचे नकाशे काढण्यात गेला होता. पण नळीतला नकाशा पाइपांचा नव्हता. रबराच्या पिळावर उडणाऱ्या, हातभर पंखांच्या विमानाचा होता. लग्नानंतर लगेच त्यांनी तो स्वतः आखला होता. त्यावरून एकदा विमान बांधलंही. पहिल्याच संध्याकाळी ते शाळेच्या छपरावरून जे गेलं ते गेलंच. दुसरं बांधू बांधू म्हणता मुलगी झाली, नोकरी वाढली, विमान राहिलं. नकाशा मात्र तळहाताच्या फोडासारखा जपला. त्याला कधी घडी पडू दिली नाही. बायकोकडून सुती कापडाची खोळ शिवून घेतली. हवा कोरडी झाली की सावलीत पसरून ठेवायचे आणि जवळ खुर्ची टाकून राखण करत बसायचे. "माझे एवढे लाड केले असते तर मीही उडाले असते," असं टेलरबाई कित्येकदा म्हणाल्या होत्या.

आता नकाशेवाल्यांना ते विमान पुन्हा हवं होतं.

"मी सांगतो, तू बांध. कापड बेततेस, लाकूड काय अवघड आहे?"

कापड बेतायचं टेबल रिकामं झालं. सुरळी उलगडून कोपऱ्यांवर कात्र्या ठेवल्या. टेलरबाईंनी नीट पाहिलं. नकाशात पंख एकच होता, उजवा.

"दुसरा कुठाय?"

"दुसरा कुणी काढत नाही. कागदाला गोडं तेल चोळायचं, रेघा मागून दिसतात. मग कागद पालथा घालून त्यावर डावा बांधायचा."

"आणि कागदाचं काय होतं?"

"पिवळा पडतो. पुढे तुकडे पडतात." ते खिडकीकडे बघत म्हणाले, "पडू देत. कागद सांभाळून आता काय करायचंय? मला विमान बघायचंय. डॉक्टर काय बोलला ते तूही ऐकलंस."

टेलरबाईंनी ऐकलं होतं. पण रेघांच्या कडेला बारीक, सरळ अक्षरं होती. 'ही काडी भिजवून वाकवावी.' 'इथे घाई नको.' असं अक्षर काढणारा हात आता उशीवर उताणा पडला होता, त्यातून पेन्सिल गळून पडायची.

त्यांनी कात्र्या उचलल्या आणि सुरळी केली.

"तेल लागणार नाही याला."

"मग वेळ जास्त जाईल."

"जाऊ दे. तुम्ही तेवढे कुठे जाऊ नका म्हणजे झालं."

झेरॉक्सवाल्याने कागद बोटाने चाचपला आणि हात जोडले. "काकू, मशीनमध्ये याचा चुरा होईल." मग टेलरबाईंनी आरपार दिसणारा पातळ कागद आणला. नकाशावर तो अंथरून रेघ न् रेघ गिरवली. दुपारी शिलाईची कामं, सकाळी रेघा. पेन्सिल जोरात दाबली की खाटेवरून खाकरणं ऐकू यायचं.

गिरवलेला कागद फळीवर लावला, त्यावर प्लास्टिक पसरलं, नाहीतर गोंद कागदालाच धरतो. हलक्या लाकडाच्या काड्या रेघांवर ठेवून त्यांच्या दोन्ही बाजूंनी टाचण्या खोचल्या. काडीतून टाचणी गेली की नकाशेवाले "हं" करायचे. उजवा पंख झाला. कागद गुंडाळून ठेवला. सवड मिळाली तसा पुन्हा उलगडला, दुसरा पंख बांधला आणि दोन्ही पंख त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवले.

त्यांनी एक पाहिला, मग दुसरा. खांदे हलायला लागले. टेलरबाई घाबरून पुढे झाल्या, तर माणूस हसत होता. आजारपणात पहिल्यांदाच.

"दोन्ही उजवे आहेत."

टेलरबाईंनी पंख एकावर एक ठेवून पाहिले. कागद पालथा घालायचाच राहून गेला होता.

"शिकायला येणाऱ्या पोरींना काय म्हणायचीस? एकाच हाताच्या दोन बाह्या शिवल्यास, नवरा शोध तसला."

"मला मिळालाच आहे तसला," टेलरबाई म्हणाल्या आणि चुकलेला पंख बाजूला ठेवला. "पुन्हा बांधते."

"पेन्सिल दे."

त्यांनी कागद पालथा करून पुढे धरला. नकाशेवाल्यांनी डाव्या हातात पेन्सिल धरली. एकेक अक्षराला दम लागत होता. 'डावा.' काना वाकडा गेला, 'व' अर्ध्यात सुटला. पुन्हा धरून त्यांनी तो पुरा केला.

विमान जोडून पुरं झालं, तेव्हा ते उडवायला घरामागच्या मोकळ्या जागेत खुर्ची नेली. मुलगी जुळ्यांना घेऊन आली होती. टेलरबाईंनी बोटाने पुढचा पंखा फिरवून रबराला पीळ भरला आणि हात उंच करून विमान सोडलं. ते वर गेलं, डावीकडे कललं, एक मोठा वळसा घेऊन वाळक्या गवतात उतरलं.

"डावा जड झालाय," नकाशेवाले म्हणाले.

"तुमच्या अक्षराचं वजन असेल."

विमान पुढे जुळ्यांनी मोडलं. खोळीत दोन कागद मात्र अजून आहेत. एकावर सरळ अक्षर, एकावर वाकडं. हवा कोरडी झाली की टेलरबाई हात धुतात, दोन्ही सावलीत पसरतात आणि जवळ खुर्ची टाकून बसतात.

जुळी चालायला लागली त्या महिन्यात, एका गुरुवारी दुपारी, नकाशेवाले वारले.