आखूड दोर

मैदान सांभाळणारे काका सीमेच्या दोराचे शेवटचे टोक खुंटीला बांधत होते, तेवढ्यात तिने दोरावर पाय ठेवला.

“हा सोडा, काका. मागे न्यायचाय.”

“किती मागे?”

“नियमात बसेल तितका.”

काकांनी खुंटीवरचा हात काढला नाही. बायकांच्या प्रत्येक सामन्याआधी ते हाच दोर याच जागी अंथरत आले होते. दोराखालचे गवत त्यामुळे कधी धड वाढलेच नव्हते. मैदानाभोवती एक फिकट, पिवळसर पट्टा कायमचा उमटला होता.

“मागे नेला तर पुरायचा नाही. बायकांचा दोर आखूड आहे.”

हे खरे होते, आणि भूमितीला धरून होते. वर्तुळाची त्रिज्या दहा मीटरने वाढवली, की परीघ साठ मीटरहून अधिक वाढतो. कुणीतरी कधीकाळी हा दोर नेमका बेतून कापला होता, म्हणजे दर वेळी विचार करायला नको.

“पुरुषांचा कुठाय?”

“कोठीत. कुलूप आहे.”

“किल्ली?”

काका खिसे चाचपू लागले. किल्ली कमरेच्या जुडग्यात आहे, हे दोघांनाही दिसत होते. चाचपण्यापुरता वेळ तिने त्यांना दिला.

संघातल्या सगळ्या जणी आपल्या या कर्णधाराला ‘आत्या’ म्हणत. नाव ताजेच होते. उपांत्य सामन्यात तिने षटकारांची रास घातली, तेव्हा समालोचन करणारा एक माजी फलंदाज हसत म्हणाला होता, “एवढ्याशा मैदानात माझ्या आत्यानेही षटकार मारले असते.” दुसऱ्या दिवशी ती सरावाला पोचली, तर मुलींनी खेळपट्टीच्या मधोमध खुर्ची मांडून ठेवलेली. “बसा, आत्या. दमला असाल.” ती बसली. त्या दिवसापासून नाव चिकटले.

थट्टा तिने पचवली होती. खुपत होते ते निराळेच: ते वाक्य खोडून काढता येत नव्हते. चेंडू किती लांब गेला, हे मोजणारे कॅमेरे पुरुषांच्या सामन्यांना असत. बायकांच्या सामन्यांना ते लावण्याची गरज कुणाला वाटली नव्हती. त्यामुळे तिचे फटके दोरापलीकडे पडत, एवढेच सिद्ध होत होते. आणि दोर कुठे होता, ते सगळ्यांना दिसत होते.

प्रशिक्षक सर कपाळाला आठ्या घालून मैदान ओलांडत आले. एकेकाळचे उत्तम गोलंदाज. भावनेपेक्षा बेरजेवर विश्वास ठेवणारे.

“अंतिम सामन्याच्या सकाळी हे काय नवीन काढलंस?”

“नवीन नाही, सर. नियमपुस्तकात पहिल्यापासून आहे. कमीत कमी इतकं, जास्तीत जास्त तितकं. आपल्याला दर वेळी कमीत कमी मिळतं.”

“उपांत्य सामन्यातले तुझे निम्मे षटकार मागे नेलेल्या दोरावर झेल होतील. हा करंडक तू आजवर एकदाही उचललेला नाहीस. यंदा निवृत्त होतेयस. त्यात स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतेस?”

“निम्मे होतील की सगळे, हे तुम्हाला कसं कळलं?”

“अंदाज आहे.”

“तेच तर. माझ्याकडेही अंदाजच आहे.”

सरांनी टोपी काढून पुन्हा घातली. “मुलींना विचारलंस?”

“काल विचारलं. सगळ्यांनी हात वर केले. सलामीवाली सोडून. तिचा खांदा दुखतोय, तिनं तोंडी सांगितलं.”

सामनाधिकाऱ्यांनी नियम दोनदा वाचला आणि दोन्ही कर्णधारांची संमती असेल तर आपली हरकत नाही, असे सांगितले. आजवर कुणी मागणी केली नव्हती, हेही त्यांनी नोंदवले. कुणी कधी विचारले होते का, असे आत्याने विचारले. त्याचे उत्तर नियमात नव्हते.

प्रतिस्पर्धी कर्णधाराला सगळे ‘वकील’ म्हणत, कारण ती पंचांकडे दाद मागायची ती युक्तिवादासकट. तिच्या गोलंदाजीची सारी भिस्त फिरकीवर होती, आणि फिरकीला लांबलचक मैदानासारखे सुख नाही.

“सही कुठे करू?” वकीलबाईंनी विचारले.

“एवढ्या झटपट सही करणारा वकील मी जन्मात पाहिला नाही,” सर पुटपुटले.

“मनापासून आहे, सर. फायदा होतोय, हा योगायोग.” मग आवाज खाली आणून ती आत्याला म्हणाली, “नंतर रडायचं नाही हं.”

“तू रडू नकोस म्हणजे झालं.”

लांब दोर कोठीतून निघाला, तेव्हा त्याच्यावर धूळ होती. दोन्ही संघांच्या मुलींनी तो हातोहात मागे नेला. वकिलाच्या संघातली सर्वांत धाकटी खेळाडू नव्या सीमेपाशी जाऊन उभी राहिली आणि खेळपट्टीकडे बघत तोंडभर हसली. “अगं बाई,” ती म्हणाली, “केवढी जागा आहे.”

खेळ बदलला, तो सर्वांच्या लक्षात आला. आधी चौकार गेले असते ते चेंडू आता पळून अडवता येत होते, आणि फलंदाज तीन-तीन धावा धावून काढत होत्या. आखूड मैदानात अशा धावांचे दर्शन दुर्मीळ. वकिलाच्या संघाने बेताची पण अवघड धावसंख्या उभारली. आत्याचा संघ पाठलागाला उतरला, तेव्हा सरांनी नखे खायला सुरुवात केली. बेरीज करताना ती त्यांची सवय होती.

आत्याचा पहिला उंच फटका फिकट पट्ट्यावरून गेला, लांब दोरावरूनही गेला आणि जाहिरातीच्या फळीवर आदळला. मैदानातल्या ध्वनिक्षेपकावर समालोचन चालू होते. तिथून नुसता धावफलक वाचला गेला. दुसरा त्याहून पुढे पडला. त्यानंतर मात्र वकिलाने क्षेत्ररक्षक पार सीमेवर नेले, चेंडूला उंची दिली, वेग काढून घेतला आणि आत्याला स्वतःची ताकद स्वतःच लावायला भाग पाडले. धावा पळून येत राहिल्या. अखेरच्या चेंडूवर जिंकायला सहा हव्या होत्या. म्हणजे चौकारही निरुपयोगी.

वकिलाने चेंडू स्वतः टाकला. आत्या पुढे सरसावली आणि बॅट पूर्ण फिरली. फटका चांगला बसला होता. हाताला कळते ते.

धाकटी खाली बघत नव्हती. ती उलट्या पावलांनी मागे मागे जात राहिली, फिकट पट्टा तिच्या पायाखालून गेला तेव्हाही थांबली नाही, मग वळून धावली आणि दोराच्या अलीकडे उडी घेऊन तिने चेंडू दोन्ही हातांत धरला. पडली, घरंगळली, दोराला न शिवता थांबली. हंगामातला असा झेल दुसरा नव्हता. पंचांनी पुन्हा पुन्हा पाहून खात्री केली.

आत्याने हातमोजे काढून काखेत धरले.

बक्षीस समारंभात तोच माजी फलंदाज माईक घेऊन तिच्यासमोर आला. त्याचा आवाज सहानुभूतीचा होता.

“जुन्या दोरावर तो षटकार होता. करंडक तुमचा होता. पश्चात्ताप होतो?”

“जुन्या दोरावर तुमच्या आत्यानेही मारला असता.”

मागे दोन्ही संघ एकदम हसले. त्याने माईक या हातातून त्या हातात घेतला आणि तो वकिलाकडे वळला.

गर्दी पांगल्यावर आत्या फिकट पट्ट्यापाशी आली. काका दोर गुंडाळत होते. वकील करंडक काखोटीला मारून आली, आणि तिच्यामागून बोटांवर बर्फाची पिशवी धरलेली धाकटी.

“भरून येईल का हे गवत?” आत्याने पायाने पट्टा दाखवला.

“येईल की. पुन्हा दोर नाही पडला तर.”

“पाडू कोण देतंय,” धाकटी म्हणाली. काकांनी तिच्याकडे बघितले आणि दोराचा पुढचा वेढा घातला.

आत्या धाकटीकडे वळली. “एक सांग. चेंडू हातात आला, तेव्हा तुझ्यापासून दोर किती लांब होता?”

“तुमच्या मनाला लागेल, आत्या.”

“सांग गं.”

धाकटीने बर्फाची पिशवी खाली ठेवली. डोळे मिटून जरा आठवले आणि दोन्ही हात समोर धरून अंतर दाखवले. साधारण कोपरापासून बोटांपर्यंतचे.

आत्या त्या दोन तळहातांमधल्या जागेकडे बघत राहिली.

“एवढंच?”

“एवढंच. नक्की.”

आत्याने आपला हात त्या जागेत धरून पाहिला. तो बरोबर बसला. मग ती काकांकडे वळली.

“सकाळी मैदान किती वाजता उघडता?”

“आता कशाला? हंगाम संपला. तुमचं तर खेळणंच संपलं ना, ताई?”

“हातभर राहिलंय अजून. किती वाजता, ते सांगा.”

काकांनी या वेळी खिसे चाचपले नाहीत. कमरेचे जुडगे सोडून त्यांनी त्यातली एक किल्ली तिच्या हातावर ठेवली.