बायकांचं न ऐकणारं दार

ही गोष्ट ऐकून एकानेही विश्वास ठेवला, तर सांगणाऱ्याने भर चौकात मिशी उतरवून द्यावी. तरी ऐका.

एक कंपनी होती, बोललेलं ऐकणारी दारं बनवणारी. किल्ली नाही, कडी नाही. समोर उभं राहून ‘उघड’ म्हणायचं, की दार नम्रपणे बाजूला व्हायचं. या कंपनीला एके दिवशी एकाएकी मुलींचा कळवळा आला. सभागृहात भला मोठा फलक लागला: ‘मुलींनो, तंत्रज्ञानाकडे वळा!’ अक्षरं गुलाबी. गुलाबी नसलं तर मुलींना वाचता येत नाही, असा मोठ्या साहेबांचा गाढा अभ्यास होता.

त्या गर्दीत एक मुलगी बसली होती. घरात तिला सगळे चौकशी म्हणत. पंखा फिरतो का, यापेक्षा तो थांबतो कसा, याची तिला काळजी. ती काही भाषणं ऐकायला आली नव्हती. कंपनीत प्रोग्रामरची एकच जागा होती आणि सोहळा संपला की मुलाखत होती. वडिलांनी निक्षून सांगितलं होतं, “ही शेवटची. नाही जमलं, तर उद्यापासून काकांच्या चपलांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं.” त्यामुळे भाषणांकडे तिचा एकच कान होता, दुसरा मुलाखतीच्या हाकेकडे. सोबत आत्या होती. वडिलांनी ती राखणीला पाठवली होती. आत्या मात्र चहा फुकट आहे म्हणून आली होती.

व्यासपीठावर सगळे पुरुष. एक बाई होती, पण ती गुच्छ देऊन खाली उतरली.

मग भाषणं सुरू झाली. मुलींनी पुढे यावं, हे सांगायला एकेक पुरुष पुढे येऊ लागला. “मुली नाजूक असतात, म्हणून त्यांना बारीक काम जमतं,” एक म्हणाला. “माझी बायको माझा मोबाइल स्वतः चार्ज करते,” दुसऱ्याने अभिमानाने सांगितलं. कोणी कोणाला हार जाईना. बोलून बोलून माइक तापला, कुंडीतल्या झाडांनी पानं मिटून घेतली, आणि शेवटी व्यासपीठावरच्या सगळ्यांचे घसे एकजात बसले. असे बसले, की आतून नुसती हवा येई.

आता चहा. चहा बाहेर होता आणि दार बंद.

मोठे साहेब दारापुढे गेले, तोंड उघडलं, फुस्स. मुख्य इंजिनिअर गेले, फुस्स. फोन तर कंपनीची गुपितं फुटू नयेत म्हणून आधीच बाहेर ठेवून घेतलेले.

“सरका,” आत्या पुढे झाली. “उघड!”

दार ढिम्म.

मग सभागृहातल्या साऱ्या जणी एका सुरात ओरडल्या, “उघड!” भिंती हादरल्या. दारावरची पट्टी उजळली आणि अक्षरं आली: ‘कृपया शांतता राखा.’

चौकशीला राहवेना. तिने मुख्य इंजिनिअरना विचारलं, “सर, दाराला शिकवताना आवाज कोणाकोणाचे ऐकवले होते?” त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग साहेबांकडे, मग बाकीच्या पुरुषांकडे. “आणि बायकांचे?” ते गप्प. म्हणजे आधीपासूनच होते, पण आता लाजेनेही. शेवटी भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलं, ‘कँटीनमध्ये रेकॉर्ड केले होते. गोंगाटाच्या कप्प्यात टाकले. गोंगाटाकडे दुर्लक्ष करायला दाराला शिकवलं आहे.’

“अगं बाई!” आत्या म्हणाली. “म्हणजे आम्ही भांडी आदळल्यासारख्या ऐकू येतो की काय, मेल्यांनो?”

(इथे ऐकणाऱ्यांतली सांगणाऱ्याची थोरली नात, जी स्वतः असल्याच एका कंपनीत नोकरी करते, मान हलवून म्हणाली, “हे खरं असेल हं. आमच्याकडे मीटिंगमध्ये हाच कप्पा आहे.”)

दाराला शिकवणारा लॅपटॉप दाराजवळच होता. चौकशीने त्याकडे हात नेला, तर मोठ्या साहेबांनी तो पोटाशी कवटाळला आणि फळ्यावर लिहिलं, ‘निवड झाल्याशिवाय कंपनीच्या यंत्राला हात लावता येत नाही.’

“मग घ्या की मुलाखत,” ती म्हणाली.

घेतली! भुकेने कासावीस झालेले व्यासपीठावरचे तिघे-चौघे ओळीने बसले आणि फळ्यावर प्रश्न उमटला: ‘लग्नाचा काय विचार?’

“तुमचं झालंय ना?” आत्या म्हणाली. “मग चौकशा कशाला?”

पुढचा प्रश्न: ‘काम पडल्यास उशिरापर्यंत थांबाल का?’

“दार उघडेपर्यंत तर थांबावंच लागेल, सर. तुम्हालाही,” चौकशी म्हणाली.

एवढ्यात बाहेर कपबश्या वाजल्या आणि भज्यांचा वास दाराच्या फटीतून आत आला. तत्त्व तिथेच वितळलं. साहेबांनी लॅपटॉप मुकाट्याने पुढे सरकवला.

चौकशीने बायकांचे सगळे आवाज गोंगाटाच्या कप्प्यातून उचलून माणसांच्या कप्प्यात टाकले आणि दाराला पुन्हा शिकायला बसवलं. बिचारं दार शहाणं होतं, साहेबांहून लवकर शिकलं. मग तिने आत्याला खूण केली. आत्याने पदर खोचला.

“उघड रे मुडद्या!”

काय सांगू! सभागृहाचं दार तर उघडलंच, पण इमारतीतली सगळी दारं फटाफट उघडली. कपाटं उघडली, साहेबांची ब्रीफकेस उघडली, समोरच्या बँकेची तिजोरी आ वासून उभी राहिली, आणि रस्त्याने जाणाऱ्या एका गृहस्थांच्या शर्टाची बटणंसुद्धा ओळीने निघाली. बायका चहाला गेल्या, पुरुष त्यांच्या मागून रांगेत.

आणि मोठ्या साहेबांनी, घशात जेवढी हवा उरली होती तेवढी गोळा करून, चौकशीला जाहीर केलं, “ही जागा तुझी. पगारही मुलांना देतो तेवढाच, आणि दार सुधारणारी म्हणून दारावर नाव तुझं—”

“थांबा, थांबा आजोबा!” थोरली नात ताडकन उठली. “झाडांनी पानं मिटली, मान्य. बँकेची तिजोरी उघडली, तेही मान्य. बटणंसुद्धा मान्य! पण पगार मुलांएवढा? आणि नाव तिचं? खोटं! साफ खोटं!”