चकतीभोवतीचं कडं

"छकुले, उजेडात धरून बघ की नीट! असेल कुठेतरी."

"उजेडातच धरलंय, दादा. नाहीये."

इस्पितळाच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना धाकात ठेवणाऱ्या, पन्नाशीला टेकलेल्या बाईला छकुली म्हणणारा जगात हा एकच माणूस उरला होता. कारखाना बंद पडल्यावर त्याने घरीच जंतुनाशक बनवायला घेतलं होतं. चाचणीत उतरलं, तर इस्पितळ फरशी पुसायला तेच घेणार होतं. नाहीतर पुन्हा घरात बसून भिंती बघायच्या.

चाचणी तशी साधी. काचेच्या प्लेटमध्ये जंतू पसरायचे आणि मधोमध औषधात बुडवलेली कागदाची चकती ठेवायची. औषध खरं असेल तर दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतू दिसत नाहीत, स्वच्छ कडं उमटतं. दादाच्या चकतीला जंतू अगदी खेटून वाढले होते. भावासाठी जीव तुटत होता म्हणून तिने पुन्हा पुन्हा करून पाहिलं, पण कडं काही उमटलं नाही.

"यात काय काय घातलंस? खरं सांग."

"तू सांगितलंस तेच. वर थोडा साबण. पहिल्यापासून घालतोय. फेस आल्याशिवाय लोकांना स्वच्छ झाल्यासारखं वाटत नाही गं."

तिने कपाळावर हात मारला. "अरे, या औषधाचं आणि साबणाचं हाडवैर! साबण पडला की औषधात दमच राहत नाही."

"या खेपेला घे ना सांभाळून. पुढच्या वेळी नाही घालणार."

"वॉर्डात आजारी माणसं झोपलीत, दादा. नापासच लिहिणार मी."

दादाने नुसती मान डोलावली. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. प्लेटकडे बघता बघता त्याचा चेहरा एकदम उतरला.

"ऑपरेशननंतर बाबांना इथून घरी आणलं, तेव्हा त्यांची खोली मी यानेच पुसायचो. रोज. मग जखम चिघळली आणि..."

हा विचार सकाळीच तिच्या मनात येऊन गेला होता.

"त्याचा काही संबंध नाही," ती ठासून म्हणाली. "बाबांना ते जंतू इथूनच लागले होते. मी स्वतः तपासलं होतं."

तिने काहीच तपासलं नव्हतं.

"नक्की?"

"नक्की."

दादाने डोळे पुसले. "तू म्हणतेस म्हणजे असणारच. तू कुणासाठी खोटं बोलायची नाहीस. माझ्यासाठीसुद्धा नाही बोललीस."

ती पाठमोरी झाली आणि प्लेटवर झाकण ठेवू लागली. ते काही केल्या नीट बसेना.