कोंडाबाईच्या डोळ्यांचे थेंब

मित्रांनो, मी काचबिंदूच्या औषधाची एक जुनी बाटली आहे. अंगठ्याएवढी. उघडल्यावर माझे औषध महिनाभरच चालते आणि तो महिना कधीच सरला आहे. तरी ते माझ्या पोटात जवळजवळ तेवढेच शिल्लक आहे. ते का उरले, हे तुम्हाला सांगायचे आहे.

एका दूरच्या कारखान्यात माझा जन्म झाला. बर्फाच्या पेटीतून मी बिदरला आले आणि मेडिकलच्या फ्रिजमध्ये थांबले. तिथून कोंडाबाई मला आपल्या गावी, जनवाड्याला घेऊन गेली. ती डाळीच्या गिरणीत तूर निवडायची. डोळ्यांतला दाब वाढून तिची नजर कमी होत चालली होती. रोज संध्याकाळी माझा एक थेंब घालायचा, असे डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावले होते. तिला दमा आहे हे कळल्यावरच त्यांनी मला निवडले होते.

मी माझे काम मनापासून करू लागले. पण माझ्यात एक खोड आहे. सुरुवातीला माझ्यामुळे डोळे लाल होतात. गिरणीतल्या बायकांना वाटले, हिचे डोळे आले. त्या तिच्यापासून सरकून बसू लागल्या. मुकादमाने तिला डोळे निवळेपर्यंत घरी राहायला सांगितले. त्या दिवशी ती खूप रडली.

शेजारी राहणाऱ्या आणि गिरणीतच कामाला असलेल्या कमलबाईलाही हाच आजार होता. तिचे औषध दिवसातून दोनदा घालायचे, पण तिचे डोळे पांढरेशुभ्र असायचे. तिने आपली नवी बाटली आणून माझ्याशेजारी ठेवली. दोघींनी आम्हाला उलटसुलट करून पाहिले.

"अक्का, आजार एकच हाय," कमलबाई म्हणाली. "हे घालून बघ की."

तिच्या मनात मायाच होती. मी मात्र फडताळात गेले. कोंडाबाईचे डोळे निवळले, ती पुन्हा कामावर जाऊ लागली. मला वाईट वाटले आणि तिच्यासाठी बरेही वाटले.

मग तिची छाती वाजू लागली. तुरीची धूळ असेल, असे तिला वाटले. एका सकाळी तिला चूल पेटवताना श्वासच पुरेना. ओठ काळेनिळे पडले. लेकीने, पंचशीलाने, घरातली सगळी औषधे पिशवीत भरली आणि रिक्षाने तिला बिदरच्या दवाखान्यात नेले. त्या पिशवीत मीही होते; कमलबाईची बाटली मात्र कोंडाबाईच्या कनवटीला होती.

डॉक्टर मंजुश्रींनी वाफ दिली, ऑक्सिजन लावला. दुसरे काही औषध घेतले का, असे त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. कोंडाबाई मान हलवून नाही म्हणायची. मैत्रिणीवर बोल येईल, याची तिला भीती होती. शेवटी डॉक्टरांनी मला उचलून उजेडात धरले.

"अव्वा, ही तर भरलेली आहे. मग डोळ्यांत काय घालताय?"



"आई, कामून गप बसलीस?" पंचशीला म्हणाली.

कमलबाई मागच्या बसने आली होती. ती दारातूनच बोलली, "माझं औषध घालायली ती. म्या दिलतं."

डॉक्टर तिच्यावर रागावल्या नाहीत. डोळ्यात घातलेला थेंब नाकावाटे अंगात उतरतो, असे त्यांनी समजावले. कमलबाईचे औषध कमलबाईला चांगलेच होते, पण दमा असलेल्याच्या श्वासनळ्या ते आवळते. ऐकता ऐकता कमलबाईने कोंडाबाईच्या कनवटीची आपली बाटली काढून घेतली.

कोंडाबाई वाचली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला आम्हा दोघींहून वेगळे, तिच्या श्वासाला न बाधणारे औषध दिले. लालीबद्दल आधीच सांगितले असते तर तेव्हाच बदलून दिले असते, असे ते म्हणाले. गेलेली नजर परत येईल का, असे तिने विचारले. येणार नाही, उरलेली राखायची, असे उत्तर मिळाले.

मित्रांनो, घरात कुणाला असे थेंब असतील तर रोज आठवण करून द्या. त्रास झाला तर शेजाऱ्यांना नको, डॉक्टरांना विचारा. आणि माझ्यासारख्या जुन्या बाटलीतले थेंब कुणाच्याही डोळ्यात घालू नका.

कोंडाबाईला डावीकडचे आता दिसत नाही. गिरणीत कमलबाई तिच्या उजव्या हाताला, तिला दिसेल अशी बसते.