फिर्यादीत सर्वांची नावे

भांडणाच्या फिर्यादीत समोरच्या घरातील एकूण एक माणसाचे नाव घालावे, ही चाल पवनीत कोणी पाडली हे सांगता येत नाही. तिचे समर्थन मात्र कोणीही करून दाखवतो. ज्याचे नाव सुटेल तो वकिलाकडे धावेल, जामीन आणील, दुकान उघडे ठेवील. तेव्हा एकही नाव सोडणे म्हणजे शत्रूचा एक हात मोकळा ठेवणे होय, असा हा युक्तिवाद आहे. युक्तिवाद म्हणून तो निर्दोष आहे. उणीव एवढीच, की समोरचाही तोच करतो.

लक्ष्मणराव आणि भैय्यालाल यांनी तो एकाच दुपारी, एकाच ठाण्यात, दोन बाकांवर बसून केला. लक्ष्मणराव हातमागाचे कापड विणवून विकत. भैय्यालाल धानाचा व्यापार करीत. दोघांची दारे एका गल्लीत समोरासमोर होती. त्या सकाळी लक्ष्मणरावांच्या माणसांनी गल्लीत सुताचा लांब ताणा पसरला होता आणि त्यावर कुंच्याने खळ चढवणे चालले होते. भैय्यालाल यांचा धानाने भरलेला ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडाशी आला. थांब म्हटले, तो थांबला नाही. ताणा तुटला, मग शब्द झाले, मग काठ्या निघाल्या. लक्ष्मणरावांचे कपाळ फुटले, भैय्यालाल यांचे मनगट सुजले. आणि खरे म्हणजे एवढेच घडले.

फिर्यादींत मात्र पुष्कळ घडले. लक्ष्मणरावांनी भैय्यालाल यांच्यासह त्यांची मुलगी राखी आणि आई देवकाबाई यांची नावे दिली. खाटेवरून अंगणात जायला ज्यांना दोन माणसांचा आधार लागे, त्या देवकाबाईंनी म्हणे गोटे फेकले. भैय्यालाल यांनी लक्ष्मणरावांबरोबर त्यांची पत्नी राधाबाई आणि मुलगी रुचिका यांना गोवले. वास्तविक त्या वेळी राखी आणि रुचिका भंडाऱ्याला निघालेल्या एस.टी.त एकाच बाकावर बसल्या होत्या. राखी पोलीसभरतीच्या सरावासाठी मैदानावर चालली होती, रुचिका महाविद्यालयात. दोघींपैकी एकीने जरी तोंड उघडले असते, तरी दोन्ही फिर्यादी एकदमच लटक्या ठरल्या असत्या.

तशी वेळ आली ती राखीवर. धावणे, गोळाफेक, लेखी परीक्षा, सर्व पार करून ती चारित्र्यपडताळणीपाशी अडली, कारण तिच्यावर मारहाणीचा खटला चालू होता. ती गल्ली ओलांडून रुचिकाकडे आली.

"तू फक्त एवढं सांग, का मी तुह्यासंग बसमध्ये होती," ती म्हणाली. "बाकी मले काही नाही पाहिजे."

लक्ष्मणराव दारात उभे होते. रुचिकाने त्यांच्याकडे पाहिले आणि म्हटले, "बाबाले विचार."

राखीने त्यांना विचारले नाही. भरतीच्या यादीतून तिचे नाव गेले. पुढे वयही गेले. आता ती बापाच्या गोदामात धानाचा ओलावा पाहून भाव सांगते, आणि गल्लीतून जाताना समोरच्या दाराकडे पाहत नाही.

रुचिका नागपूरला राहून स्पॅनिश शिकली. इतकी चांगली शिकली, की स्पेनमधील सालामांका येथे वर्षभराच्या अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळाला. लक्ष्मणरावांनी ही गोष्ट गावात अशा रीतीने सांगितली, की जणू भाषा त्यांनीच विणून दिली होती. उरला होता विद्यार्थिव्हिसा. त्यासाठी जी कागदपत्रे हवी होती त्यांत पोलिसांचा निष्कलंकपणाचा दाखला होता. ठाण्यातील हवालदाराने संगणकावर नाव घातले आणि मान हलवली.

"मॅडम, तुमच्यावर केस चालू आहे न. आम्ही तसंच लिहून पाठवू. खोटं कसं लिहावं?"

खोटे कसे लिहावे हा प्रश्न त्याच ठाण्यात कोणीतरी पूर्वीच विचारायला हवा होता. परंतु हवालदाराचे म्हणणे बरोबर होते. वर्षानुवर्षे वकील तिच्या गैरहजेरीचे अर्ज देत आला होता आणि आपण आरोपी आहोत हे रुचिका जवळजवळ विसरली होती. व्हिसाचा अर्ज देण्याची तारीख ठरलेली होती, आणि ती टळली तर वर्ष गेले.

"शनिवारी लोकअदालत आहे," तिने घरी सांगितले. "भैय्यालालकाका मिटवायले तयार झाले, तं माहं नाव निघते. तुमाले बी तुमची केस मिटवा लागन."

"मिटवतो," लक्ष्मणराव म्हणाले. "गावभर सांगून बसलो, पोरगी परदेशात चालली म्हणून. आता कोणतं थोबाड घेऊन बाजारात जाऊ? पण त्याच्या दारात मी पाय ठेवणार नाही."

"मी ठेवते."

"ठेव. अन् तो पाणी देईन तं पिऊ नको."

पाण्याचा प्रसंग आला नाही. भैय्यालाल गोदामाच्या ओट्यावर बसले होते.

"या, या, स्पेनच्या राणीसाहेब!" ते गल्लीला ऐकू जाईल असे म्हणाले. "इकडं कशा? विमान चुकलं काय?"

"काका, एक काम होतं."

"काका? मी तं आरोपी नंबर एक आहो. काका कवापासून झालो?"

आतून देवकाबाईंनी विचारले, "कोण आली रे?"

"तू ज्याले गोटे मारले होते न माय, त्याची पोरगी आली!"

"मी? मले तं उठता येत नाही रे बाप्पा."

"तेच तं जजले सांगून राहिलो इतक्या वर्षांपासून!"

रुचिकाने आपले म्हणणे सांगितले. भैय्यालाल यांनी ते मध्ये न बोलता ऐकले. कारण ऐकण्यात त्यांना सुख होते. मग त्यांनी हाक मारली, "राखी! तुह्या मैत्रिणीले तुहं काम पडलं. तू म्हणशीन तं मी सही करतो. तू नाही म्हणशीन तं हिले म्हण, इथंच बस अन् धान निवड."

राखी पोत्यांमधून बाहेर आली. तिच्या मुठीत धानाचा नमुना होता.

"तुह्या बाबानं जजसमोर सांगायचं, का मी त्या दिवशी गल्लीत नव्हती," ती म्हणाली. "कागदावर पाहिजे. मंग माहा बाप सही करते."

"बाबा नाही म्हणतीन, राखी."

"तं तू सांग. तुले तं माहीत आहे."

"पण त्यानं आता तुले काय मिळणार? भरती तं..."

"बोल न. भरतीचं वय गेलं म्हण." राखीने मुठीतले धान पोत्यात टाकले. "तुले स्पेनले जायचं आहे, तं खरं एका दिवसात पाहिजे. मले गडचिरोलीच्या पोलीस कॅम्पात जायचं होतं, तवा खरं कुठं ठेवलं होतं? बाबाले विचार म्हणे!"

"शनिवारी या," एवढेच म्हणून रुचिका ओट्यावरून उतरली.

शनिवारी न्यायालयाच्या मोठ्या दालनात दोन्ही घरे टेबलाच्या दोन बाजूंना बसली. देवकाबाईंना रिक्षातून आणून दाराशी बसवले होते. तडजोडीचा छापील मसुदा तयार होता: आपसांत समेट झाला, कोणाची कोणाविरुद्ध तक्रार उरली नाही. लक्ष्मणरावांनी खिशातून पेन काढले.

"थांबा," राखी म्हणाली. "यात मी गल्लीत नव्हती, असं कुठं आहे?"

"ताई, इथं खरंखोटं ठरत नाही," न्यायाधीश बाई म्हणाल्या. "इथं मिटवलं जातं."

"मंग मले मिटवायचं नाही."

"पाहा, मॅडम!" लक्ष्मणराव उसळले. "मी मोठेपणानं आलो, अन् यायले माह्या तोंडून मी खोटा आहो हे पाहिजे. मी तडजोड करीन. खोटा होणार नाही. ती गल्लीत होती. हातात काठी होती. मी डोळ्यानं पाहिली."

माणसाने एक असत्य पुष्कळ वर्षे सांभाळले, की ते त्याला स्थावर मालमत्तेसारखे वाटू लागते. त्यावरचा हक्क सोडण्यात त्याला दिवाळखोरी दिसते. लक्ष्मणराव या क्षणी खोटे बोलत नव्हते. ते आपल्या मालकीचे रक्षण करीत होते. परंतु किंमत त्यांची मुलगी भरत होती, आणि ती उठली.

"राखी गल्लीत नव्हती," रुचिका म्हणाली. "माह्याजवळ बसली होती. भंडाऱ्याच्या बसमध्ये. तिच्या डब्यातली भाजी मी खाल्ली."

"रुचिका, खाली बस."

"बाबा, तुमी बी त्या दिवशी मले बसवर सोडून आले होते. तवा ती तिथंच उभी होती. तुमीच तिले म्हणलं, बेटा, खिडकीची जागा धर."

राधाबाईंनी पदर तोंडाला लावला. लक्ष्मणरावांच्या हातातील पेन उघडेच राहिले.

"ऐकलं काय?" भैय्यालाल बाकावरून उठलेच. "घरचीच पोट्टी म्हणते, लक्ष्मणराव लबाड! लिहा, मॅडम, मोठ्या अक्षरात लिहा!"

"लिहिते," न्यायाधीश बाईंनी त्यांच्याकडे वळून म्हटले. "पण राखी बसमध्ये रुचिकाजवळ बसली होती, तर रुचिकाही बसमध्येच होती. तुमच्या फिर्यादीत तिनं तुमचं मनगट धरलंय. ते कसं?"

भैय्यालाल उभेच राहिले. पण ज्या कामासाठी उठले होते ते आता संपले होते. त्यांनी वकिलाकडे पाहिले. वकील आपल्या फायली नीट लावू लागला.

"मॅडम, गर्दी होती..."

"बाबा," राखी म्हणाली, "हो म्हणा."

"अवं, पण..."

"हो म्हणा. नाही तं मी सांगते."

न्यायाधीश बाईंनी मसुद्यात हाताने एक वाक्य वाढवले: घटनेच्या वेळी दोन्ही मुली गल्लीत नव्हत्या, हे उभय पक्षांस मान्य आहे. भैय्यालाल यांनी सही इतकी दाबून केली, की कागद फाटला असता. लक्ष्मणरावांनी बराच वेळ सही केली नाही. शेवटी केली आणि कागद मुलीकडे न पाहता पुढे सरकवला.

"झालं तुहं काम," ते म्हणाले. "आता जा, जिकडं जायचं तिकडं. पण भरसभेत बापाले नागवं केलं, हे तिकडच्या लोकायले त्यायच्या भाषेत सांगजो. परत आली तं माह्या दारात येऊ नको."

राधाबाई काही बोलणार होत्या. परंतु ते त्यांना बरोबर घेऊन निघूनही गेले.

ठाण्यात देण्यासाठी निवाड्याची प्रमाणित नक्कल लागणार होती. रुचिका नकलेच्या खिडकीपाशी उभी राहिली. मागे कोणी आले. वळून पाहिले, तर राखी होती.

"राखी," ती म्हणाली, "मी त्या वेळीच..."

"सरक पुढं. लाइन थांबली."

"मी आज सगळं खरं सांगितलं."

"तुह्या कामासाठी सांगितलं. कामाचं नसतं, तं आज बी बाबाले विचार म्हणली असती." राखीचा आवाज चढला नाही. "तू चांगली झाली, असं मनात घेऊन जाऊ नको. एवढंच म्हणणं आहे माहं."

बाबूने रुचिकाचा अर्ज घेतला. नक्कल कशासाठी, असे विचारले. व्हिसासाठी, असे तिने सांगितले. त्याने ते लिहून घेतले आणि राखीच्या अर्जाकडे पाहिले.

"प्रकरण तं एकच आहे. दोघींत एक नक्कल घ्या अन् झेरॉक्स मारा."

"नाही," राखी म्हणाली. "मले माही वेगळी पाहिजे. शिक्क्याची."

"कशासाठी?"

"कशासाठी नाही."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही, बाई. नोकरी, पासपोर्ट, काहीतरी सांगा."

रुचिका बाजूला उभी होती.

"घरी ठेवासाठी लिहा," राखी म्हणाली.

बाबूने तसे लिहिले आणि दोघींनाही मागे सरून थांबायला सांगितले. भिंतीपाशी एकच बाक होता. रुचिका त्यावर बसली. राखी उभी राहिली.