शिटा दुरुस्तीला टाकल्यात

धम्मशीलानं गाडीच्या मागच्या दोन सीटा काढल्या तेव्हा घरात कुणी नव्हतं. पट्टा ओढून कडी सोडली की सीट अख्खी हातात येते, हे तिला शोरूममध्येच दाखवलं होतं. एकेक करून तिनं दोन्ही जिन्याखालच्या खोलीत नेल्या आणि वर जुनी चादर टाकली. सात जणांची ती छोटी गाडी पाच जणांची झाली.

गाडी आल्यापासून परभणीचं तिचं घर म्हणजे गावाकडच्या, वालूरच्या पाहुण्यांचा थांबा झाला होता. कुणाला दवाखाना, कुणाला लग्न, कुणाला नुसतंच नांदेडला जाऊन यायचं. मागच्या खेपेला चुलतभावाची पोरगी मागच्या सीटवर ओकली. धम्मशीलानं दोनदा धुतलं, तरी दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या मैत्रिणीनं गाडीत बसल्या बसल्या काच खाली केली. ती खाली गेलेली काच धम्मशीलाच्या मनातून जाईना.

आठ दिवसांतच कुसुमबाईचा फोन आला. कुसुमबाई तिची सख्खी मावशी. शाळेसाठी धम्मशीला वालूरला तिच्याकडंच राहिली होती. मावशीनं दुसऱ्याच्या रानात कापूस वेचला, पण पोरीला कधी पुस्तकावरून उठवलं नाही.

"धम्मे, मंठ्याच्या लग्नाला तू गाडीनं जायलीस ना? मी अन् तुहा काका देवगाव फाट्याला येऊन थांबतो. मागं दोन शिटा हायत, तिथं बसू. काकाला आता यष्टीत उभं ऱ्हाणं होत न्हाई."

"मावशे, मागच्या शिटा मोडल्यात गं. दुरुस्तीला टाकल्यात."

लबाडी इतकी अलगद तोंडातून निघाली की तिचं तिलाच नवल वाटलं.

"असं व्हय. मग ऱ्हाऊ दे. आमी येतो यष्टीनं."

लग्नाच्या दिवशी गाडी धम्मशीलाच चालवत होती. शेजारी नवरा बुद्धभूषण; त्यालाही तिनं शिटांचं तेच सांगितलं होतं. मागं सासू आणि दोन लेकरं. जिंतूर मागं पडलं, देवगाव फाटा आला. रसवंतीच्या ताडपत्रीच्या कडेला तात्याराव काका आणि मावशी यष्टीची वाट बघत उभे होते. काकाच्या डोक्यावर ओला रुमाल, मावशीच्या हातात आहेराची पिशवी. मावशीनं गाडी ओळखली. हात वर केला नाही, नुसती बघत राहिली.

"अगं, मावशी तुझी," बुद्धभूषण म्हणाला.

"जागा कुठंय?"

धम्मशीलानं मान सरळ ठेवली आणि गाडी तशीच पुढं काढली.

"जागा नसू दे. थांबून बोलायचं तरी," तो म्हणाला. तिनं एसी वाढवला.

मावशी-काका मांडवात पोचले तोवर त्रिसरण-पंचशील होऊन नवरा-नवरीवर फुलंही पडली होती. पंगतीत मामेबहीण बबितानं चार बायकांदेखत विचारलं, "काय गं धम्मे, सात शिटांची गाडी दारात, अन् मावशी यष्टीनं?"

धम्मशीला तोंड उघडायच्या आत मावशीच बोलली. "तिच्या शिटा दुरुस्तीला गेल्यात. मीच तिला म्हनले, फाट्यावर थांबू नको, लेकरं तापतील उन्हात."

असं मावशी कधीच म्हणाली नव्हती. धम्मशीला भरलं ताट ठेवून उठली.

पुढं महिनाभरानं मावशी डोळे दाखवायला परभणीला आली आणि दवाखान्यातून न सांगता घरी टेकली. येताना कांदे आणले होते. धम्मशीलानं चहा ठेवला. "कांदे जिन्याखालच्या खोलीत पसरते गं," म्हणत मावशी उठली. धम्मशीलाच्या लक्षात यायला उशीर झाला. धावत गेली तर खोलीचं दार उघडं होतं, चादर बाजूला होती, आणि मावशी पदरानं सीटवरची धूळ पुसत होती.

"आल्या व्हय दुरुस्त होऊन?" मावशीनं विचारलं.

"हो. कालच आल्या."

चादरीवर धुळीचा थर होता. मावशीनं चादर परत नीट पांघरली. "झाकून ठेव. उंदरं कुरतडतील," एवढंच म्हणाली.

चहा झाल्यावर मावशी नको नको म्हणत असताना धम्मशीलानं तिला वालूरला सोडायला बळंच गाडीत बसवलं. गावाच्या अलीकडं लिंबाखाली धम्मशीलानं गाडी थांबवली.

"मावशे, शिटा मोडल्या नव्हत्या."

"ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"फाट्यावर कळलं. शिटा मोडलेल्या असत्या तर तू थांबून बोलली असतीस."

धम्मशीलाला रडू आलं. "मग बबितापुढं खोटं कशाला बोललीस?"

मावशी समोरच्या रस्त्याकडं बघत होती. "मग काय सांगू? वाढवलेल्या पोरीनं मला बघून तोंड फिरवलं, असं सांगू? तुह्यासाठी न्हाई बोलले मी. मला बी लाज हाय की."

माफ कर म्हणावं, असं धम्मशीलाच्या ओठावर आलं, पण ते फार सोपं वाटलं. मावशीच म्हणाली, "चल. काका वाट बघायलाय."

गाडी दारात लागताच काका बाहेर आला. शेजारच्या रंगनाथला त्यानं हाक मारून सांगितलं, "बघ, आमच्या पोरीनं दारापत्तोर आणून सोडलं." त्याला काहीच माहीत नव्हतं. मावशीनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. काका कौतुक करत राहिला आणि धम्मशीला उंबऱ्याजवळ खाली मान घालून उभी राहिली.

त्याच संध्याकाळी तिनं सीटा परत बसवल्या. बुद्धभूषणनं विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तेवढं थांबायला पाहिजे होतं गं."

त्यानंतर धम्मशीलानं मावशीला कितीदा तरी बोलावलं. दवाखान्याला नेते, भीमजयंतीला नेते, नुसतं चार दिवस राहायला नेते. मावशी फोनवर गोड बोलते, लेकरांची चौकशी करते. काकाला गाडीत पाठवतेही. तिला स्वतःला मात्र दर वेळी काही ना काही काम निघतं, आणि काम उरकलं की ती मागनं यष्टीनं येते.